इंजिनाचा आवाज

यंदा लेकीकडे अमेरिकेत पाच महिने राहून आलो. आता तुम्ही म्हणाल, झालं, आली आणखी एक अमेरिका-वारी! घाबरू नका. नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही, तिथले रस्ते किती स्वच्छ वगैरे तर अजिबात नाही. पाच महिन्यांतला बराचसा वेळ मी लेकीच्या घराच्या बेसमेंटमध्ये, एका फूटभर लांबीच्या इंजिनाशेजारी घालवला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचे हे रेल्वेत होते. दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. पहिली कितीतरी वर्षं वाफेची इंजिनं, मग डिझेल. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली. मी तिथेच शाळेत मराठी शिकवायची. एका वर्गात साठ मुलं, त्यामुळे आवाज माझाही काही कमी नाही. पण तो विषय पुढे येईल.

नातू तेरा वर्षांचा आहे. त्याच्या मित्रांना पटत नाही की याचे आजोबा खरोखर कोळशाच्या इंजिनावर होते. आम्ही येणार म्हणून त्याने साठवलेल्या पैशातून एका रेल्वे-मेळ्यात जुनं (म्हणजे कुणीतरी वापरलेलं) मॉडेल इंजिन विकत घेतलं होतं. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शाचं. पुढे दोन चाकं, मधे आठ मोठी, मागे दोन. या रचनेला 'मिकाडो' म्हणतात. बाल्डविन कंपनीने १८९७ साली जपानसाठी अशी इंजिनं बांधली, त्यावरून हे नाव पडलं. यांनी इंजिन हातात घेतलं, चाकं मोजली आणि म्हणाले, "ही तर आमच्या डब्ल्यूजीची चाकं!" डब्ल्यूजी म्हणजे आपल्याकडची मालगाडीची इंजिनं. नातू एवढा खूष झाला की विचारू नका.

आणि या इंजिनाला आवाज होता! मी लहानपणी पाहिलेल्या खेळण्यातल्या गाड्या किल्लीच्या. आता रुळांमधून कायम चौदा-पंधरा व्होल्टचा प्रवाह चालू असतो आणि त्यातूनच प्रत्येक इंजिनाला निरोप जातो. इंजिनाच्या पोटात 'डिकोडर' नावाची नखाएवढी पट्टी असते, ती निरोप वाचते, मोटर फिरवते, दिवे लावते आणि खऱ्या इंजिनाचे साठवलेले आवाज एका चिमुकल्या स्पीकरवर वाजवते. आवाज टेंडरमधून येतो, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून. हातातल्या खटक्यावर एक नंबर दाबला की घंटा, दोन नंबर दाबला की शिट्टी, आठ नंबर दाबला की सगळं गप्प.

पहिले तीन-चार दिवस मोठे आनंदात गेले. हे खुर्ची टाकून बसायचे, नातू गाडी फिरवायचा, हे मान डोलवायचे. "छान! अगदी खऱ्यासारखं!"

एका संध्याकाळी नातवाने शिट्टीचं बटण दाबलं आणि अपेक्षेने यांच्याकडे पाहिलं. हे लगेच म्हणाले, "वा! काय शिट्टी आहे!"

शिट्टी झालीच नव्हती. आठ नंबरचं बटण चुकून दाबलेलं राहिलं होतं. इंजिन मघापासून मुक्यानेच फिरत होतं.

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. हे आपले हसतमुखाने रुळांकडे बघत होते. त्या मुलाचं कौतुक अशासाठी की तो एक अक्षर बोलला नाही. आठ नंबर पुन्हा दाबला, आवाज सुरू केला आणि गाडी फिरवत राहिला. रात्री मात्र माझ्याशेजारी येऊन बसला. "आजी, आजोबांना पहिल्यापासून काहीच ऐकू आलं नाही का ग?"

काय सांगणार? यांचं ऐकणं कमी झालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक. फुटप्लेटवर उभं राहून उमेदीची वर्षं काढली, कानाला संरक्षण वगैरे त्या काळी कोण देत होतं! पण हे इतके सराईत झाले होते की समोरच्याच्या चेहऱ्यावरून आपण काय म्हणायचं ते ठरवत. मी चाळीस-पन्नास वर्षं संसार केला आणि मलाही हे एवढं कळलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी पुण्यात श्रवणयंत्र घेतलं होतं. बरेच पैसे गेले. अकरा दिवस वापरलं. "भांड्यांचा आवाज येतो, पेपरची घडी कडकडते, चप्पल फटफटते. जगातला सगळा कचरा ऐकू येतो, तुझं बोलणं सोडून," असं म्हणून ते कपाटाच्या खणात गेलं. विकणाऱ्याने नंतर विचारलं नाही, आम्हीही परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून नातवाने मनावर घेतलं, की आजोबांना ऐकू आलंच पाहिजे.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच. आवाज वाढवा! डिकोडरच्या आत क्रमांक घातलेल्या सेटिंग असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. मी आपलं समजून घेतलं ते असं, की हे किराणा दुकानातले खण आहेत, प्रत्येक खणावर नंबर आणि आत शून्य ते २५५ मधला एक आकडा. आमच्या डिकोडरमध्ये एकूण आवाजाचा खण १२८ नंबरचा. (दुसऱ्या एका कंपनीत तोच ६३ असतो, म्हणून पुस्तिका वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.) आमच्या १२८ मध्ये होते १२०. नातवाने केले १८०. मग थेट २५५.

काय झालं म्हणता? शिट्टी फाटकी पिपाणी झाली. स्पीकर थरथरून कुरकुरायला लागला. वरच्या मजल्यावर लेक ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, ती जिन्यावरून ओरडली, "अरे, काय चाललंय काय!" आणि हे म्हणाले, "वर कुकर झाला वाटतं."

हसू आलं आणि पोटात तुटलंही.

जावयांनी संध्याकाळी समजावून सांगितलं, की आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्या नखाएवढ्या पट्टीत असतात एक-दोन वॅट. ती आणखी कुठून आणणार? मग नातवाने इक्वलायझरचे खण शोधले, खालचे स्वर वाढवून पाहिले. कुरकुर तेवढी वाढली.

पुढच्या शनिवारी सगळे स्ट्रासबर्गला गेलो. पेनसिल्व्हेनियातच लँकेस्टर परगण्यात हे गाव आहे. तिथे अजून वाफेची गाडी चालते, आमिश लोकांच्या शेतांमधून पॅराडाइज नावाच्या गावापर्यंत जाऊन परत येते. त्या दिवशी ९० नंबरचं इंजिन होतं, बाल्डविनने १९२४ साली बांधलेलं, दहा मोठ्या चाकांचं. बाल्डविनचं नाव वाचल्यावर यांची कळी खुलली. आपल्याकडे १९४७ मध्ये आलेली पहिली १६ डब्ल्यूपी इंजिनं बाल्डविनचीच. म्हणजे फिलाडेल्फियाजवळून निघून तिकडे आली. "आमच्या माहेरची भेटली की!" असं हे म्हणाले. पुरुषाच्या तोंडी माहेर! पण चालायचंच.

गाडी सुटली तेव्हा हे फलाटावर माझ्या शेजारी उभे होते. (आम्ही पुढच्या गाडीने जाणार होतो.) डोळे मिटलेले. आणि बोटांनी मांडीवर ठेका धरलेला. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. मी इंजिनाकडे पाहिलं. ठेका बरोबर पडत होता! एका चाकाच्या फेऱ्यात चार भकभकाटे. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी दट्ट्या ढकलते, आणि डावी-उजवी बाजू पाव फेऱ्याने पुढे-मागे. म्हणून चार. हे त्यांनीच मला दौंडला लग्न झाल्यावर सांगितलं होतं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

म्हणजे यांना ऐकू येत होतं. डोळे मिटून, कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता.

त्या रात्री मी दवाखान्याची फाईल काढली. (परदेशी निघताना आपल्या वयाची माणसं कपड्यांआधी ती फाईल भरतात, तुम्हाला माहीतच आहे.) त्यात चार वर्षांपूर्वीचा कानाच्या तपासणीचा आलेख होता. आम्ही त्यावरचं "दोन्ही कान कमजोर" एवढंच वाचलं होतं. लेकीने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. डावीकडे खालचे स्वर, २५० पासून. उजवीकडे चढे स्वर, ८००० पर्यंत. यांची रेघ हजारापर्यंत बरीच सरळ जाते आणि मग दरीत पडते. सगळ्यात खोल खड्डा ४००० पाशी. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांच्या कानाला खड्डा बहुधा तिथूनच पडायला लागतो, आणि वय झालं की पुढची बाजूही ढासळते.

म्हणजे यांना आवाज कमी येतो असं नव्हे. घंटेची किणकिण, वाफेची फुसफुस, चढी शिट्टी जात नाही. घुमणारा खालचा आवाज जातो. आणि ते इंचभर स्पीकर नेमकं काय देत होतं? वरचं सगळं आणि खालचं जवळजवळ काहीच नाही. नातू २५५ पर्यंत वाढवत होता ते त्या दरीतच ओतत होता.

इथे मला माझंच काहीतरी आठवलं. मराठीत 'अ आ इ ई' हे खालचे, भरदार. 'स श ख थ फ' हे वरचे, नुसत्या हवेचे. मी स्वयंपाकघरातून "साखर कमी आहे का हो चहात?" विचारते आणि हे सांगतात, "चादर वाळत घातलीय." मग मी तेच वर्गातल्या आवाजात ओरडून विचारते. ओरडल्यावर 'आ' मोठा होतो, 'स' आणि 'ख' होते तिथेच राहतात. शिवाय माझा आवाज चढला की चेहराही चढतो. म्हणजे यांना ऐकू काय येणार, तर बायको रागावली आहे एवढं! चार वर्षं मी घरात हेच करत होते. आता उठून समोर जाते, सावकाश बोलते. गुडघे दुखतात, पण जाते.

इंजिनाकडे वळते. नातवाने टेंडर खालचे स्क्रू काढून उघडलं. आत गोल स्पीकर तोंड खाली करून नुसता बसवलेला, कडेला फट, पाठ उघडी. नातवाने मला एक गंमत दाखवली. नुसता स्पीकर हातात धरला तर आवाज डासासारखा. मग सीरियलच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याला नाण्याएवढं भोक पाडलं आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. काय सांगू, एकदम आवाजाला अंग आलं! आकडा एकही बदलला नव्हता. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या की त्या कडेवरून एकमेकींना भेटतात आणि जमा-खर्च होऊन शिल्लक शून्य. चढे स्वर त्यातून थोडेफार निसटतात, खालचे बहुतेक सगळे मरतात. म्हणून पाठ बंद करायची, मागचा आवाज मागेच कोंडून ठेवायचा. मला डग्गा आठवला. तसं म्हणाले तर नातू म्हणतो, "नाही आजी. डग्ग्याचं भांडं स्वतः घुमतं. या डबीने घुमायचं नाही, गप्प बसायचं." शिक्षिकेला असा विद्यार्थी मिळावा!

डबी कशाची केली? यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण. स्पीकर त्यावर बरोब्बर बसला. तारेपुरतं भोक, सगळ्या कडेने पांढरा डिंक आपल्या फेविकॉलसारखा, रात्रभर वाळवला. एवढीशी फट राहिली तरी सगळं व्यर्थ जातं, म्हणून मी भिंग घेऊन तपासलं. पेपर तपासायची सवय अशी कामाला आली.

सकाळी इंजिन सुरू केलं. हे जरा पुढे वाकले. "काहीतरी येतंय," म्हणाले. त्या मुलाला तेवढंच पुरलं.

मग त्याने मोठा, लांबट स्पीकर मागवला, त्याची स्वतःची बंद डबी होती. इथे एक खोच आहे. पुस्तिकेत लिहिलेलं ८ ओहम, बाजारात ४ ओहमचेही मिळतात. आठच्या जागी चार लावला तर प्रवाह दुप्पट ओढला जातो आणि डिकोडर जळू शकतो. दोन आठवाले शेजारी-शेजारी जोडले तरी हिशेब चारचाच होतो. आम्ही आठाचा एकच घेतला. जांभळ्या तारांचं सोल्डरिंग नातवाने केलं, मी चिमट्याने धरून ठेवलं. जागा व्हावी म्हणून टेंडरमधलं शिशाचं वजन काढून टाकलं.

आणि टेंडर प्रत्येक सांध्यावर रुळावरून उतरायला लागलं! नातू रडकुंडीला आला. तेव्हा हे खुर्चीतून उठले. टेंडर तळहातावर तोललं, बोटाने पुढे-मागे डोलवलं. "हलकं झालंय. वजन पाहिजे, पण खाली, चाकांच्या वर. वर ठेवलंस तर वळणावर कलेल." शिशाच्या पट्ट्या कापून स्पीकरच्या दोन्ही बाजूंनी तळाशी चिकटवल्या. गाडी मुकाट्याने चालायला लागली. त्या दिवसापासून यांची खुर्ची रुळांच्या कडेला न राहता नातवाच्या टेबलाशी आली.

शेवटची परीक्षा नातवाने चोरून घेतली. आठ नंबर दाबून गाडी मुकीच सोडली आणि शिट्टीचं बटण दाबलं. माझा जीव वर-खाली. हे म्हणाले, "आज बंद का ठेवलंय?"

मग आवाज सोडला. हे बराच वेळ गप्प बसून ऐकत होते. नातू वाट बघतोय, मी वाट बघतेय. शेवटी म्हणाले, "चुकतंय. फेऱ्याला तीनच मारतंय." चाकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि मोजलं. खरंच तीन होते, तिसऱ्यानंतर जरा उशिराने पुढचा! पहिल्या मालकाने तो खण बिघडवून ठेवला असणार. तो नीट करायला दोन संध्याकाळ गेल्या, हे बोटांनी ठेका देत होते आणि नातू आकडे बदलत होता. शिट्टी मात्र यांना शेवटपर्यंत पसंत पडली नाही. "ही आपली नव्हे," म्हणत राहिले. सगळं झाल्यावर १२८ नंबरच्या खणात किती राहिले, तर ९५. सुरुवातीच्या १२० पेक्षाही कमी. आणि लेकीची तक्रार नाही.

परतीच्या विमानात यांनी मला विचारलं, "त्या कानातल्या यंत्रातही असे खण असतील का ग?"

असतात. जावयांनी आधीच सांगितलं होतं, की चांगल्या यंत्रात प्रत्येक पट्टीतला आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, आणि पहिल्यांदा बसवल्यावर दोन-चार वेळा जाऊन तो जुळवून घ्यावाच लागतो. मी मुद्दाम बोलले नव्हते. यांच्याकडून यायची वाट पाहत होते.

गेल्या मंगळवारी खणातलं यंत्र घेऊन पुण्यातल्या दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. नवीन आलेख काढला. तिथल्या मुलीने यंत्र संगणकाला जोडलं आणि पडद्यावर रांगेने आकडे आले. हे चष्मा सावरून पुढे सरकले, बराच वेळ पडदा न्याहाळला आणि तिला म्हणाले, "बाई, भांड्यांचा जरा कमी करा. आणि एकशे अठ्ठाविसात सध्या किती आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगते, पण थोडा वेळ लागेल."